सर्च बंद पडला? फॉरमॅट मारायच्या आधी

"ताई, फॉरमॅट मारावा लागेल. आठशे रुपये, आणि डेटा गेला तर माझी जबाबदारी नाही."

कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या मुलाने चहाचा कप खाली ठेवायच्या आत निदान करून टाकलं होतं. गणपती नुकतेच गेले होते, पाचपाखाडीत पाऊस काही थांबायचं नाव घेत नव्हता आणि आमच्या गच्चीतून चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही बेडरूममध्ये पाणी उतरलं होतं. मी सोसायटीची खजिनदार. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लावायची असते, आणि त्या नोटिशीसाठी मला २०१६ च्या सभेचा ठराव हवा होता. वॉटरप्रूफिंगवाल्याने दहा वर्षांची गॅरंटी दिल्याचा उल्लेख त्यातच होता. फाइल कॉम्प्युटरमध्ये आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, पण सर्चमध्ये काहीही टाकलं तरी समोर कोरी पाटी.

मुलाला मी "उद्या कळवते" म्हटलं आणि लेकाला फोन लावला. तो बंगळुरूला असतो. पुढचे तीन दिवस त्याने फोनवर सांगायचं, मी करायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, असं चाललं. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे. सगळं विंडोज ११ वर केलेलं आहे. विंडोज १० मध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगते.

आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखा

"सर्च चालत नाही" म्हणजे "पोट बिघडलं" म्हणण्यासारखं आहे, त्यावरून औषध ठरत नाही. म्हणून आधी एक छोटी परीक्षा घ्या. वर्डमध्ये नवी फाइल उघडा. आत एका ओळीत इंग्रजी अक्षरांत कडबोळी आणि दुसऱ्या ओळीत देवनागरीत अनारसे असं लिहा. फाइलला इंग्रजी अक्षरांत चकली नाव देऊन डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करा, बंद करा आणि पाचेक मिनिटं दुसरं काम करा. मग शोधा.

सर्चचा चौकोन उघडतच नसेल, किंवा उघडतो पण टाइप होत नसेल, तर बिघाड चौकोनाचा आहे. कॅल्क्युलेटर सापडतो पण चकली सापडत नसेल, तर यादीचा. चकली सापडते पण कडबोळी टाकल्यावर फाइल येत नसेल, तर यादी अर्धीच भरलेली आहे. आणि कडबोळी सापडते, अनारसेही सापडतात, पण तुमची जुनी मराठी कागदपत्रं मात्र सापडत नाहीत, तर कॉम्प्युटरचा दोष नाही. गोम अक्षरांत आहे. त्यावर पुढे बरंच लिहिलंय, कारण माझा खरा वेळ तिथेच गेला.

चौकोन रुसला असेल तर

पहिलं काम रीस्टार्ट. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं, कालच्या दुखण्यासकट. रीस्टार्ट म्हटलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. मी आठवडाभर रोज रात्री इमानदारीत शट डाउन करत होते.

तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सर्चहोस्ट (विंडोज १० मध्ये सर्चअ‍ॅप) शोधून एंड टास्क करा. घाबरू नका, पुन्हा सर्चवर क्लिक केलं की ते आपोआप उठतं. तिथेच विंडोज एक्स्प्लोरर आहे, त्यावर राइट क्लिक करून रीस्टार्ट. खालची पट्टी क्षणभर गायब होईल आणि परत येईल.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कॉम्प्युटरवर चौकोन उघडायचा, पण त्यात एक अक्षर उमटायचं नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून त्यांनी नवा आणला, तरी तेच. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या रनच्या खिडकीत सी टी एफ एम ओ एन ही सहा अक्षरं सलग टाकून एंटर मारलं आणि अक्षरं उमटायला लागली. चौकोनात लिहू देणारा तो एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो बंद पडला होता. जुना कीबोर्ड आता त्यांचा नातू बडवतो.

कधी दोष आपल्या घरात नसतोही. ५ फेब्रुवारी २०२० ला विंडोज १० चा सर्च जगभर एकदम कोरा पडला होता, कारण तो चौकोन इंटरनेटवरच्या बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधसेवेलाही जोडलेला असतो आणि गडबड तिकडच्या बाजूला होती. म्हणून एकाच दिवशी आजूबाजूच्या चारचौघांचं तसंच झालं असेल, तर हात न लावता थोडं थांबा.

यादी बिघडली असेल तर

सर्च करताना विंडोज प्रत्येक फाइल उघडून बघत नाही. त्याने आधीच सगळ्याची एक यादी बनवून ठेवलेली असते, तिला इंडेक्स म्हणतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तिथे पुस्तक मागितल्यावर कुणी पहिल्या कपाटापासून एकेक पुस्तक उपसत बसला, तर संध्याकाळ होईल. सूची बघायची आणि थेट त्या कपाटाशी जायचं. सूची फाटली म्हणून पुस्तकं हरवत नाहीत, आणि सूची दुरुस्त करायला वाचनालय रिकामं करावं लागत नाही. फॉरमॅट मारणं म्हणजे नेमकं तेच.

ही यादी ठेवणारा कारकून म्हणजे विंडोज सर्च नावाची सर्व्हिस. रनच्या खिडकीत लिहा: सर्व्हिसेस हे इंग्रजी अनेकवचन, टिंब, मग एम एस सी, मध्ये जागा न सोडता. लांबलचक यादी येते. त्यात डब्ल्यूपाशी जाऊन विंडोज सर्च गाठा आणि त्यावर डबल क्लिक करा. स्टार्टअप टाइपपुढे ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट असायला हवं. माझ्याकडे काय होतं? डिसेबल्ड.

मग डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यात एकाने "स्पीड वाढवून देतो" म्हणून तासभर काहीतरी केलं होतं, तेव्हा त्याने कारकुनालाच घरी पाठवलं असणार. सर्व्हिस बंद असली तरी फोल्डरमध्ये उभं राहून शोधल्यावर फायलींची नावं हळूहळू सापडत राहतात. त्यामुळे चार महिने माझ्या लक्षातच आलं नाही, मला वाटलं कॉम्प्युटर म्हातारा झाला. ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट निवडा, अप्लाय, मग स्टार्ट. आधीपासून चालूच असेल तर रीस्टार्ट.

आता यादी नव्याने लिहून घ्यायची. कंट्रोल पॅनेल उघडून इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जा. आधी मॉडिफाय दाबून बघा की तुमचे फोल्डर यादीत धरलेत का. पुष्कळ घरांत सिनेमे, फोटो, कागदपत्रं सगळं डी ड्राइव्हवर असतं आणि विंडोज मुळात सी ड्राइव्हवरच्या आपल्या ठरलेल्या फोल्डरांपुरतंच बघतं. माझा सोसायटी नावाचा फोल्डर डी वर होता, त्याच्यापुढे खूणच नव्हती. सिनेमांच्या फोल्डरला मात्र खूण करू नका, कारकुनाला फुकटचं काम.

मग अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे फाइल टाइप्सच्या पानावर डॉक, डॉकएक्स, पीडीएफ यांच्यासाठी खालचा दुसरा पर्याय, म्हणजे फाइल कंटेंट्सवाला, निवडलेला आहे ना ते पाहा. कडबोळी न सापडण्याचं कारण बहुतेकदा हेच. मग पहिल्या पानावर परत येऊन रीबिल्ड दाबा.

रीबिल्ड ही गोष्ट दुधाच्या पातेल्याजवळ उभं राहून बघत बसायची नाही. आपण काम करत असलो की इंडेक्सिंग मुद्दाम मंदावतं. रात्री जेवणं झाल्यावर दाबा, कॉम्प्युटर झोपी जाणार नाही अशी सोय करा आणि आपण झोपा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच. सकाळी इंडेक्सिंग कम्प्लीट दिसलं की झालं. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे चार लाखांच्या पुढे नोंदी गेल्या की यादी जड व्हायला लागते. घरगुती कॉम्प्युटरवर तेवढं सहसा नसतं.

एवढं करूनही ढिम्म असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एस एफ सी, एक जागा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅन नाऊ हे दोन शब्द जोडून लिहा. विंडोज स्वतःच्या फायली तपासून दुरुस्त करतं. मला याची गरज पडली नाही.

आता अक्षरांचं

सकाळी यादी पूर्ण, कडबोळी सापडली, अनारसे सापडले. वॉटरप्रूफिंग टाकलं, तर शून्य. ठराव टाकलं, तर फक्त २०१९ नंतरचे.

आमच्या आधीच्या सेक्रेटरी काकांनी २०१८ मध्ये पेन ड्राइव्हवर सगळं दप्तर सोपवलं होतं. त्यांचं टायपिंग जुन्या मराठी फॉन्टमधलं. श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट वापरलेल्या फायलींत पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांना मराठी कपडे घातलेले. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की कपडे उतरतात आणि खालचं अगम्य इंग्रजी दिसतं. आपण आज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत, ठराव लिहून शोधतो, पण त्या फाइलमध्ये ठराव हा शब्दच नसतो.

यावर लेकाने सांगितलेली युक्ती अशी. त्या काळातली कुठलीही एक फाइल हाताने शोधून उघडा. तिच्यातला नेहमी येणारा एखादा शब्द, समजा सभा, कॉपी करा आणि सोसायटीच्या फोल्डरमधल्या सर्चच्या चौकोनात पेस्ट करा. तिथे भलतंच काहीतरी उमटेल, उमटू द्या. फक्त त्यात साधी अक्षरंच असतील असा शब्द निवडा; मध्येच कंस किंवा टिंबं आली तर विंडोज शब्दाचे तुकडे करतं. माझा पहिला शब्द तसाच फसला. दुसऱ्याला सतरा फायली आल्या. त्या तारखेप्रमाणे लावल्या, ऑगस्ट २०१६ पाशी एजीएम (म्हणजे वार्षिक सभा) फायनल नवीन २ नावाची फाइल होती. तीच.

युनिकोडमध्येही दोन खाचखळगे आहेत. अॅग्रीमेंटमधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: अ काढून त्यावर चंद्र चढवायचा, किंवा ॲ हे एकच सबंध अक्षर घ्यायचं. हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. डोळ्यांना दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. माझ्या फोनवरून टाइप केलेलं आणि कॉम्प्युटरवर टाइप केलेलं एकमेकांना ओळखत नाहीत. "दुसऱ्या" या शब्दातला अर्धा र तसाच, त्यालाही दोन वाटा आहेत. फाइलचं नाव शोधताना ते अक्षर टाळा आणि त्याच्या जागी गुणाकारासारखी चांदणी टाका, म्हणजे चांदणी आणि पुढे ग्रीमेंट. आणि शब्द पूर्ण लिहायचा अट्टहास नको. काकांनी चार वर्षं इतिवृत असं एकाच त ने लिहिलंय, मी शाळेत शिकल्याप्रमाणे इतिवृत्त शोधत होते. नुसतं इति टाकलं आणि सगळी वर्षं ओळीने उभी राहिली.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं मात्र यातलं काहीच चालत नाही. तो कागदाचा फोटो असतो, त्यात शोधायला शब्द नसतातच. अशा फायलींना मी आता नावंच नीट देते: आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग विषय.

ठराव क्रमांक ७, दहा वर्षांची गॅरंटी, खाली कंत्राटदाराची सही असलेल्या पत्राचा उल्लेख. नोटीस १३ तारखेला बोर्डावर लावली. त्याच संध्याकाळी दुरुस्तीवाल्या मुलाचा फोन आला, "ताई, कधी येऊ?" म्हटलं, प्रिंटरचा रोलर कागद ओढत नाही, त्यासाठी ये, पण कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.