सापाची अंडी सापडल्यास
पाया खणताना किंवा उकिरडा उपसताना धामण, दिवड वा नागाची अंडी उघडी पडली, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती परस्पर घरी ठेवता येत नाहीत. आधी वनविभागाला कळवावे. त्यांच्या संमतीने अंडी उबवायची झाल्यास वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करून, न उलटता, चिकटलेली असल्यास न सोडवता, ती भोके पाडलेल्या डब्यात, पिळल्यावर पाणी न गळणाऱ्या ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) ठेवावीत. तापमान २८ ते ३० अंश असावे. कवच चिरल्यावर पिल्लू कित्येक तास नुसते तोंड बाहेर काढून बसते. त्याला ओढून काढण्याचा उत्साह आवरावा, कारण नागाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. पिल्ले पाळण्याचा विचारही नको. ती वनविभागामार्फत मूळ परिसरातच, झुडपांच्या आडोशाला सोडावीत.