आधी गळ, मग दोर, काठी सगळ्यात शेवटी

पहिलं सांगतो, दुकानात जाऊन रॉड घेऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेत शिफ्ट सुटली की चहाच्या गाड्यावर कोणी ना कोणी विचारतोच, "काका, मासे धरायचा नाद लागलाय, कुठला रॉड घेऊ?" मी उलट विचारतो, बसणार कुठं? हिडकल धरणाच्या पाण्यावर, खानापूरला मलप्रभेकाठी, गावच्या तळ्यावर की कारवारात काळी नदीच्या मुखाशी? बहुतेकांनी ते ठरवलेलंच नसतं. पाणी ठरलं की मासा ठरतो, माशावरून गळ, गळावरून दोर आणि दोरावरून काठी. खिशातला पैसा ह्याच क्रमानं घालावा. मी लेथवर जन्म घालवलेला माणूस. टूलला धार नसली तर मशीन कितीही भारी असो, जॉब खराबच निघणार.

गळाच्या नंबरात नवीन माणूस हमखास गडबडतो. 12 नंबर बारीक, 6 मोठा, 1 त्याहून मोठा आणि तिथून पुढं 1/0, 2/0, 3/0 असं चढत जातं. चिलापीचं तोंड लहान, तिला 10 किंवा 12. वांबीला, म्हणजे सापासारख्या लांब माशाला, 6 ते 8, तोही लांब दांडीचा, कारण ती गळ खोलवर गिळते आणि आखूड दांडी आत गेली की काढता येत नाही. रोहूला 4 ते 6. मरळीचं जबडं हाडकाचं, तिथं 1/0च्या खाली जाऊ नका. नवाकोरा गळ धारदार असतोच असं समजू नका. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढा. घसरलं तर बोथट, नखात रुतून थांबलं तर चांगलं. बोथट गळ फेकायची गरज नाही. सोनाराकडं असते तसली बारीक कानस घ्या आणि टोकाच्या दिशेनं दोन-तीन हात मारा. आडवी कानस मारलीत तर टोकावर बूर, म्हणजे धातूची बारीक कुसळं, राहते आणि गळ आणखी वाईट होतो.

दोर म्हणजे तंगूस, नायलॉनचा एकेरी धागा. रिळावर मिलिमीटरमध्ये छापलेल्या जाडीवर माझा विश्वास नाही. मी मायक्रोमीटर लावून बघतो, आणि 0.30 लिहिलेला स्वस्त दोर बऱ्याचदा 0.35 भरतो. दोर जाड असला की नितळ पाण्यात मासा बिचकतो. चिलापीला 0.20 पुरे, रोहूला 0.30, गवतातल्या मरळीला 0.40च्या वर किंवा वेणीचा दोर, कारण तो ताणत नाही आणि झटका थेट गळापर्यंत जातो. मायक्रोमीटर घरोघरी नसतो, ठाऊक आहे मला. मग दोराचा हातभर तुकडा दोन बोटांतून ओढून बघा. कुठं खरखर लागली, कुठं पांढरट पट्टा दिसला, तर तेवढा तोडून टाका. उन्हात पडलेलं तंगूस कडक होतं आणि नेमकं मोठ्या माशाला तुटतं. दरवर्षी नवीन भरा, तो खर्च रॉडच्या मानानं काहीच नाही.

गाठ अशी. दोराचं टोक गळाच्या डोळ्यातून काढा, मूळ दोराभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक परत डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला आणि ओढण्याआधी थुंकी लावून ओलं करा. कोरडी गाठ आवळली की घर्षणानं दोर तापतो आणि तिथंच अशक्त होतो. वेढे एकावर एक चढले तर पुन्हा बांधा. डोळा नसलेला, चपट्या बुडाचा गळ मिळाला तर दोर दांडीला समांतर धरून दांडीवरच सात-आठ वेढे गुंडाळायचे आणि टोक वेढ्यांखालून काढायचं. जुनी माणसं तसलेच गळ वापरायची.

आता काठी. खानापूर, जांबोटी, चंदगडच्या बाजूला चिवा, म्हणजे बारीक बांबू, मुबलक. दहा-बारा फुटांचा, पेरं जवळजवळ असलेला, शेंडा करंगळीपेक्षा बारीक असा निवडा. थंडीत तोडलेला चिवा कमी किडतो. ओला असतानाच निखाऱ्यावर फिरवत फिरवत वाकडी पेरं सरळ करायची, मग शेंडा आढ्याला बांधून बुडाला दगड लटकवायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. दोर नुसता शेंड्याला बांधू नका. बुडापाशी एक गाठ, मध्ये दोन-तीन ठिकाणी वेढा, मग शेंड्याला गाठ. शेंडा मोडला तरी मासा दोरावर राहतो. दोराची लांबी काठीएवढी किंवा हातभर कमी. जास्त ठेवलात तर मासा पायाशी आणता येत नाही.

तरंगायला जोंधळ्याच्या धाटाचं भेंड चालतं. साल काढून बोटभर तुकडा घ्यायचा आणि वितळलेल्या मेणात बुडवायचा, नाहीतर तासाभरात पाणी पिऊन तो बुडायला लागतो. त्याहून चांगलं मोराचं पीस. रानात पडलेलं मिळालं की खालचा पांढरा दांडा कापून घ्या. चिलापी नुसती हुंगून गेली तरी ते हलतं. खाली शिसं किती? पीस बोटाच्या पेरभर पाण्यावर राहील इतकंच. शिसं कमी पडलं तर पीस आडवं पडतं आणि मासा लागलेला कळत नाही.

खोली मोजल्याशिवाय गळ टाकू नका. गळाला जरा जड शिसं अडकवून पाण्यात सोडा. पीस बुडालं तर वर सरकवा, आडवं पडलं तर खाली, असं करत नेमकं टोक दिसेपर्यंत. झाली तळाची खोली. मग कोणता मासा हवा ते बघायचं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. वांब आणि शिंगटा तर तळ सोडतच नाहीत. एका जागी चिलापी गावते आणि शेजारी बसलेल्याला काहीच नाही, ह्याचं कारण पुष्कळदा हातभर खोलीत असतं.

हिडकलला जाणार असाल तर आधी मे महिन्यात मोकळ्या हातानं एक चक्कर मारा. घटप्रभेचं पाणी उतरलेलं असतं आणि बुडालेल्या शेतांचे बांध, जुन्या वाटा, झाडांचे बुडखे उघडे पडलेले दिसतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पावसाळ्यानंतर त्याच बांधांच्या कडेनं मासे फिरतात, आणि काठावर नवीन बसणाऱ्याला वरून नुसतं सपाट पाणी दिसतं. वारा ज्या काठाकडं वाहतो तो काठ धरा. चेहऱ्यावर लाटा उडतात, बसायला वैताग येतो, पण खाणंही तिकडंच ढकललं जातं. राकसकोपचं पाणी शहराला प्यायला येतं, तिकडं गळ नेऊ नका. गावतळी बहुतेक ठेक्यावर दिलेली असतात. राखणदाराला कानडीत "मीन हिडीबहुदा री?", म्हणजे मासे धरू का, एवढं विचारलं की अर्धी भांडणं मिटतात. धरणावर मत्स्य खात्याच्या परवान्याची चौकशी आधी करा. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, त्या हद्दीतल्या ओढ्यांतही नको.

आमिषाचं मोठं शास्त्र कोणी सांगायला लागला तर ऐकून घ्या आणि घरी कणीक मळा. गव्हाची कणीक दोन वाट्या, घाण्यावरची शेंगपेंड कुटून एक वाटी, भाजलेलं बेसन मूठभर, गुळाचं पाणी. शेवटी कापसाचे धागे विंचरून त्यात मिसळा, म्हणजे गोळी गळावरून पटकन सुटत नाही. कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. रोहूसाठी आदल्या संध्याकाळी त्याच जागी चारा टाकायचा: तांदळाचा कोंडा, पेंड आणि काठावरची चिकणमाती, नारळाएवढे दोन-तीन गोळे, बस्स. पोट भरेल इतका चारा टाकलात तर मासे जेवून जातील.

रोहू लागताना पीस बुडतच नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. तो खालून आमिष उचलतो, शिशाचा भार निघतो आणि पीस वर येतं, कधी चक्क आडवं होतं. दोन श्वास तसंच राहतं. मग तिरकं सरकायला लागतं. त्या सरकण्यावर मनगट उचलायचं, खांदा नाही. चिलापीचं वेगळं. टुकटुक, टुकटुक, थांबली, पुन्हा टुकटुक. प्रत्येक टुकटुकीला झटका मारणारा माणूस दिवसभर कणीक लावत बसतो. पीस तिरकं होऊन पाण्याखाली जाईपर्यंत हात मांडीवर ठेवा.

रीळवाल्या रॉडचा खरा उपयोग इथं, तीन किलोच्या वरच्या रोहूला. सात फुटांचा मध्यम रॉड, 3000 नंबरचं रीळ. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळानं दोर सोडायचा ती चावी, मात्र अंदाजानं आवळू नका. दोराला वजनकाट्याचा आकडा अडकवून ओढा. दोराची ताकद सहा किलो असेल तर दोन किलोला रीळ सुटलं पाहिजे. जुने लोक मोठा मासा लागला की चिव्याची काठीच पाण्यात सोडून द्यायचे. ती तरंगते, मासा ओढून ओढून दमतो, मग पोहत जाऊन काठी धरायची. युक्ती खरी आहे, पण कृष्णेत किंवा काळीत करू नका, मगरी आहेत. कुडची, उगारकडं काठाला गुडघाभर पाण्यात पाय सोडून बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मरळ हवा घ्यायला वर येते. गवताच्या कडेला "गुडुप" आवाज आला आणि गोल लाट उठली की तिथंच रबरी बेडूक टाकायचा, गवतावरून पाण्यात घसरवायचा. आधी लोक जिवंत बेडूक लावायचे, त्याची गरज नाही. मरळीनं तोंड मारल्यावर लगेच ओढू नका, तिला तोंड मिटू द्या. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर खदखदताना दिसला तर खाली राखण करणारी मरळ असते. ती चिडून कशालाही झेप घेते, म्हणून धरायला सोपी. ती धरलीत तर तो घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. माझ्या मते हा चोरीचाच प्रकार.

जुन्या पद्धतींचं गोडवं गाणाऱ्यांनी सगळं एकत्र कालवू नये. मृगाच्या पाण्याला शेतात चढणारे मासे बांधाच्या तोंडाशी बांबूची खोयन लावून धरायचे, बुट्टीभर मिळाले की बास. घरटी एक खोयन होती तोवर ते चाललं. आता ओढ्याला आडवी नायलॉनची जाळी लावतात आणि पोटात अंडी असलेला मासाच वर जाऊ देत नाहीत. माशांना विषारी असलेलं गेळफळ कुटून डोहात टाकणंही जुनंच, पण त्यात बोटाएवढं पिल्लूसुद्धा मरतं. विष आणि सुरुंग दोन्हींवर 1897च्या कायद्यापासून बंदी आहे. करंट लावणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको.

खडस म्हणजे महाशीर गावला तर ओल्या हातानं धरून पाण्यातच गळ काढा आणि सोडा. आफ्रिकन मांगूर गावला तर मात्र परत सोडू नका. 2000 सालापासून तो पाळायलाही बंदी आहे, नदीतलं सगळं खाऊन टाकतो.

खाडीचं गणित वेगळं. रामनगर, जोयडा, अणशी घाट उतरून कद्र्यावरून कारवारला गेलात की वेळ घड्याळावर नाही, तिथीवर बघायची. तिथीला पाऊणानं गुणा, पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, आणि नदीत जितकं वर जाल तितकी भरती उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की शिसं तळाला टिकत नाही. नवीन माणसानं षष्ठी ते दशमी धरावी. भरती लागल्यावरचे पहिले दोन तास आणि ओहोटी सुरू होतानाचा तास, एवढंच खरं काम. मधल्या वेळात जेवा.

कोडीबाग, सदाशिवगडच्या बाजूला अजून हातदोरा चालतो. 0.50चा दोर लाकडी फिरकीवर, 40-50 ग्रॅमचं भोक पाडलेलं शिसं त्यात मोकळं सरकणारं, खाली मणी, मग हातभर जाड दोर आणि 2/0चा गळ. शिसं मोकळं असलं की माशाला वजन लागत नाही. खालचा दोर जाड हवा, कारण खडकावरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारखा दोर कापतात. आमिषाला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी. डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी काळा ठिपका दिसतो, त्याच्या पुढून गळ घाला. ठिपक्याला लागलं की सुंगट जागच्या जागी मरतं, आणि मेलेल्याकडं तांबोशी आणि चोणक ढुंकून बघत नाहीत. काळुंदराला मात्र बारीक गळ आणि कणीकच चालते. शिंगाळा लागला तर फडक्यानं धरा, पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी. वाळूत उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चला, खाली पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, असेल तर सरकून जातं. कद्र्याच्या धरणाचं पाणी सोडतात तेव्हा भोंग्याची वाट बघत बसू नका. पाणी गढूळ झालं आणि काडीकचरा वाहायला लागला की सामान गुंडाळायचं.

परत आल्यावर रीळ, शिसं, गळ सगळं गोड्या पाण्यात धुवा. गळ कोरडे करून मशीन ऑइलच्या फडक्यात गुंडाळा. पुढच्या खेपेला मात्र तो तेलाचा वास राखेनं घासून काढायचा, तेलकट आमिषाला काळुंदर तोंड लावत नाही.