कव्हर चढवलं म्हणजे काम संपत नाही: ओटीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

गडहिंग्लज, आजरा, चंदगड, राधानगरी या भागांतून ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनच्या प्रॅक्टिकलसाठी कोल्हापुरात येणाऱ्या मुलामुलींना ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) चांगला पाठ असतो. 121 अंश सेल्सियस, 15 पौंड दाब, ड्रम कसा भरायचा, इंडिकेटर टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या का, हे सगळं ती धडाधड सांगतात. दुर्बिणीचा कॅमेरा, सोनोग्राफीचा प्रोब (पेशंटला टेकवून फिरवायचा भाग), हाडांचं ड्रिल अशी हातात धरायची, पण वाफेत घालता न येणारी यंत्रं समोर आली की मात्र अडखळतात. पुस्तकात एक ओळ असते, ‘निर्जंतुक कव्हर घालून वापरावे’. ते कव्हर कसं घालायचं, कधी त्यावर भरवसा ठेवायचा आणि कधी नाही, हे ओटीत उभं राहिल्यावरच कळतं. मी या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून मला कळलेलं सविस्तर लिहिते.

सुरुवात वर्गवारीपासून करू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं उपकरणांचे तीन गट केले. शरीराच्या निर्जंतुक भागात किंवा रक्तात जाणारी उपकरणं पूर्ण निर्जंतुक हवीत. तोंड, योनी, श्वासनलिका अशा ठिकाणच्या ओल्या त्वचेला लागणाऱ्या उपकरणांना निदान हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, म्हणजे तीव्र जंतुनाशकात ठरावीक वेळ ठेवणं, हवं. धड, न फुटलेल्या त्वचेलाच लागणारी उपकरणं नीट पुसली तरी चालतात. कुठलंही यंत्र हातात आलं की आधी विचारायचं, हे पेशंटला कुठे लागणार आहे? किंमत किती, कुठल्या कंपनीचं, हे प्रश्न नंतरचे.

मग कव्हर या वर्गवारीत कुठे बसतं? माझ्या मते नव्या मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. कव्हर यंत्राला निर्जंतुक करत नाही. ते निर्जंतुक बाहेर आणि अनस्टराइल आत यांच्यामध्ये एक पातळ प्लास्टिक उभं करतं, एवढंच त्याचं काम. ते प्लास्टिक सुईनं टोचलं जातं, टॉवेल क्लिपमध्ये सापडून फाटतं, घडीच्या जागी मुळातच बारीक भोक असू शकतं. मला ज्या इन्चार्ज सिस्टरनी शिकवलं त्या म्हणायच्या, “कव्हर फाटणारच हाय असं धरूनच आतलं पुसत जा.” आजही नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

सोनोग्राफीच्या योनीमार्गाच्या प्रोबवर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. त्याच्यावर दर पेशंटला नवीन कव्हर असतंच, पण तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, की कव्हर वापरलं तरी दर पेशंटनंतर प्रोबचं हाय लेव्हल डिसइन्फेक्शन करायचंच. कव्हर काढताना ते उलटं करत काढा, म्हणजे बाहेरची घाण आत गुंडाळली जाते. मग जेल पूर्ण पुसा, कारण जेल राहिलं तर औषध प्रोबपर्यंत पोचत नाही. त्यानंतर जंतुनाशक द्रावणात बुडवणं. ग्लुटारॅल्डिहाइड 2 टक्के असेल तर साधारण 20 मिनिटं, ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड) 0.55 टक्के असेल तर साधारण 12 मिनिटं. पण अंतिम शब्द त्या बाटलीवरच्या लेबलचा आणि प्रोबच्या मॅन्युअलचा. द्रावण 14 दिवस चालतं असं सगळे म्हणतात, ते खरं म्हणजे जास्तीत जास्त 14 दिवस. रोज वापर असेल तर त्याआधीच ताकद उतरते, म्हणून टेस्ट स्ट्रिप बुडवून बघायची. बुडवताना प्रोबवरच्या रेषेपर्यंतच, कनेक्टर कोरडा राहिला पाहिजे. आणि प्रोबच्या तोंडावर स्पिरिट चोळू नका. पुष्कळ कंपन्यांच्या प्रोबचं रबरी तोंड स्पिरिटनं खराब होतं.

भूल देताना नस शोधायला किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना हाच प्रोब सुईच्या शेजारी असतो. तेव्हा कव्हर लांब लागतं, वायरसुद्धा झाकणारं. कव्हरच्या आत जेल, बाहेरही जेल, आणि ही दोन्ही जेलं निर्जंतुक पाकिटातली. आतली हवा बोटानं दाबून काढा, नाहीतर पडद्यावर काळे पट्टे येतात आणि डॉक्टर वैतागून प्रोब फिरवत बसतात. मोठ्या बाटलीतलं जेल इथे चालत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत सोनोग्राफी जेलमधूनच बर्कहोल्डेरिया सेपेशिया नावाचा जंतू रुग्णांपर्यंत गेल्याचं उघड झालं आणि ते जेल बाजारातून मागं घ्यावं लागलं. अर्धी संपलेली बाटली नव्या जेलनं वर भरायची सवय कुठेही दिसली तरी उचलू नका. पेशंटला लॅटेक्सची अॅलर्जी आहे का, हे ग्लोव्हजसाठी विचारता तसंच प्रोब कव्हरसाठीही विचारा.

सोनोग्राफीबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकते. हे मशिन पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या, कायद्याखाली त्या-त्या हॉस्पिटलच्या नावावर नोंदवलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यात तर गर्भलिंग तपासणी रोखायला मशिनवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र बसवण्याचा प्रयोग झाला होता. त्यामुळे कुणी “पोर्टेबल मशिन तेवढं शेजारच्या हॉस्पिटलला नेऊन दे” म्हटलं तरी हात लावू नका.

आता दुर्बिणीची शस्त्रक्रिया. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या हॉस्पिटलांत पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया यांच्या लिस्ट लागतात आणि नव्या टेक्निशियनला पहिलं काम मिळतं ते कॅमेऱ्याचं. कॅमेरा हेड एकच, केसेस चार. ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) या निर्जंतुक करणाऱ्या गॅसमध्ये टाकलं तर नंतर गॅस निघून जायला कित्येक तास लागतात, म्हणजे दोन केसच्या मध्ये ते शक्य नाही. वाफेत जाणारी कॅमेरा हेड मिळतात, प्लाझ्मात (कमी तापमानाला निर्जंतुक करणाऱ्या मशिनमध्ये) चालणारीही असतात, पण तुमच्याकडचं कुठलं आहे हे मॅन्युअल बघितल्याशिवाय ठरवू नका. म्हणून कव्हर वापरतात.

हे काम दोघांचं आहे. स्क्रब झालेला, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज घातलेला, माणूस कव्हरची घडी घातलेली बाजू धरतो, हात घडीच्या आत, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वायरचा स्पर्श ग्लोव्हला होत नाही. अनस्टराइल बाजूचा माणूस कॅमेरा हेड वरून आत सोडतो, मग कव्हरची फक्त बाहेरची कड किंवा पट्टी धरून वायरवर मागं ओढत नेतो. स्क्रबनं पुढं सरकायचं नाही, अनस्टराइल माणसानं मागं जायचं. सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात. मुलं गडबडीत दोघंही एकाच वेळी ओढतात आणि कव्हर मध्येच अडकतं. इन्चार्ज सिस्टर असल्या वेळी ओरडत नसत, फक्त म्हणत, “कशाला गडबड करायलायस? पेशंट कुठं पळून चाललाय व्हय?”

कव्हरचं पुढचं टोक हा कमजोर भाग. टेलिस्कोप, म्हणजे पोटात जाणारी दुर्बिणीची नळी, निर्जंतुक असतो आणि तो या टोकातून कॅमेऱ्याला जोडायचा असतो. काही कव्हरांना तिथं रबरी कड असते, काहींना नुसती पट्टी बांधावी लागते. जोड घट्ट हवा, कारण टेलिस्कोपवरून ओघळणारं रक्त आणि सलाईन नेमकं तिथूनच आत जातं. टेलिस्कोप बदलायला सांगितलं, 0 डिग्रीचा काढून 30 डिग्रीचा लावा, की ती जागा पुन्हा उघडते. आतल्या कॅमेऱ्याला ज्या बोटांचा स्पर्श झाला ती बोटं आता अनस्टराइल. ग्लोव्हज बदलले पाहिजेत, आणि हे सर्जनला मोठ्यानं सांगण्याचं धाडस तुमच्यात हवं. सर्जन रागावतील असं वाटतं. चांगले सर्जन रागावत नाहीत, उलट पुढच्या केसला तुम्हालाच बोलावतात.

लाइट केबल वाकवून गुंडाळू नका, आतले तंतू तुटतात आणि उजेड कमी होत जातो.

हाडांचं ड्रिल मला मुद्दाम विस्तारानं सांगायचं आहे. कोल्हापूर उद्यमनगरचं, कारखान्यांचं गाव आहे, ड्रिल मशिन इथल्या मुलांना लहानपणापासून माहीत असतं. त्यामुळे कारखान्यातलं ड्रिल, वर निर्जंतुक कापडी पिशवी, आणि झालं काम, ही कल्पना त्यांना सहज पटते. कमी खर्चाच्या अनेक ठिकाणी जगभर हे केलं गेलं आहे. पण साध्या कापडात एक मूलभूत दोष आहे. ते ओलं झालं की ओलावा एका बाजूकडून दुसरीकडे झिरपतो आणि त्याबरोबर जंतूही. हाडाच्या शस्त्रक्रियेत सलाईन आणि रक्त असतंच, म्हणजे कापड ओलं होणार हे ठरलेलंच. दुसरा दोष चकचा, म्हणजे ड्रिलचं पातं धरणाऱ्या भागाचा. चक पिशवीतून बाहेर येते, तिथं कापड आणि फिरणारं लोखंड यांच्यामध्ये फट राहते. तिसरा, साध्या ड्रिलला मोटर थंड करायचा पंखा असतो आणि तो आतली धूळ, ग्रीसचे कण हवेसकट बाहेर फेकतो. हाडात जंतू शिरला की महिनोन्‌महिने निघत नाही, बसवलेली प्लेट काढावी लागू शकते. तो खर्च उसाच्या एका बिलावर घर चालवणाऱ्या माणसाला कुठून झेपणार?

यावर दोन नीट उपाय आहेत. एक, पाणी न झिरपणारं, चकच्या जागी निर्जंतुक जोड असलेलं, खास ड्रिलसाठी बनवलेलं कव्हर. दुसरा, ऑटोक्लेव्ह होणारं सर्जिकल ड्रिल. या दुसऱ्या प्रकारात बॅटरीची गंमत समजून घ्या. पुष्कळ बॅटऱ्या वाफेच्या उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून ड्रिलची बॉडी निर्जंतुक आणि बॅटरी अनस्टराइल असते. स्क्रब माणूस बॉडीवर निर्जंतुक नरसाळ्यासारखं कवच बसवतो, अनस्टराइल माणूस त्यातून बॅटरी आत सोडतो, कवच काढून टाकतात आणि झाकण बंद होतं. बॅटरी सोडताना हात कवचाच्या आतल्या बाजूलाच राहिला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या मध्ये बॅटरी उतरली तर हे सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून आदल्या संध्याकाळी चार्जिंग बघून ठेवायची. केस चालू असताना ड्रिलचं झाकण उघडणं कुणालाच नको असतं.

दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली तर एवढं लक्षात ठेवा. क्युरिंग लाइट (दातातलं फिलिंग घट्ट करणारा दिवा) आणि एक्स-रे सेन्सर यांना कव्हर चालतं, शिवाय दर पेशंटनंतर पुसणं. हँडपीसला (दात कोरायच्या यंत्राच्या हातात धरायच्या भागाला) मात्र कव्हर हा पर्याय नाही, त्याच्या आत लाळ ओढली जाते, ते ऑटोक्लेव्हच व्हायला हवं.

आता आमच्या पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपाटातली पुस्तकंसुद्धा ओलसर लागतात, मग स्टराइल पॅक कसे सुटतील? कव्हरचं पाकीट एका बाजूनं कागदाचं असतं. तो कागद ओला झाला किंवा ओला होऊन वाळल्याचा डाग दिसला, तर आतलं कव्हर निर्जंतुक धरू नका, तारीख पुढची असली तरी. साठवण जमिनीपासून 8 ते 10 इंच वर, बाहेरच्या भिंतीपासून 2 इंच लांब, हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या खाली. पॅक रबर बँडनं आवळून ठेवू नका, कोपऱ्यात दुमडून कोंबू नका, घडीवरच भोकं पडतात. पावसाळ्यात ऑटोक्लेव्हमधून काढलेला कापडी पॅक गरम असतानाच थंड फरशीवर ठेवला तर खाली पाणी धरतं. ओला पॅक म्हणजे अनस्टराइल पॅक. लाइट जाऊन सायकल मध्येच तुटली, तर जनरेटरवर उरलेली मिनिटं पुरी करून चालत नाही. सायकल पहिल्यापासून.

पाकिटावर 2 हा आकडा आणि त्यावर तिरकी काट असेल, तर ती वस्तू एकदाच वापरायची आहे. एका हॉस्पिटलात कॅमेरा कव्हर धुऊन, वाळवून पुन्हा गॅसला पाठवत असत. पातळ प्लास्टिक धुताना, घडी घालताना कुठे विरतं हे डोळ्यांना दिसत नाही, आणि आतल्या बाजूला गेलेलं रक्त पूर्ण निघत नाही. खर्चाचं कारण मला समजतं. पण खर्च वाचवायचाच असेल तर कापडी ड्रेप, गाऊन यांत पुष्कळ जागा आहेत. एकदाच वापरायच्या कव्हरमध्ये नाही. काही ठिकाणी कॅमेरा, केबल फॉर्मलिनच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवून त्यालाच निर्जंतुक म्हणतात. त्या डब्यावर विसंबू नका. ती वाफ डोळ्यांना, श्वासाला अपायकारक आहे आणि जंतू मेले याची खात्री देत नाही.

केस संपल्यावर कव्हर फेकण्याआधी बघा. आत ओलावा आहे का, रक्ताचा ठिपका आहे का? असेल तर यंत्राची साफसफाई वरच्या दर्जाची करा आणि रजिस्टरला नोंद करा. कुणाच्या चुकीनं फाटलं हे त्यात लिहायची गरज नसते. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वापरलेलं प्लास्टिक कव्हर लाल पिशवीत जातं, रक्तानं भिजलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. पिशव्या उचलणाऱ्या मावशींच्या हातात सुई येऊ नये, म्हणून कव्हरला लावलेली क्लिप, पिन मोजून काढा. स्वतःची हिपॅटायटिस बीची लस, 0, 1 आणि 6 महिन्यांचे तीन डोस, ओटीत पाऊल टाकण्याआधी सुरू झालेली हवी. मुलाखतीतच विचारा, हॉस्पिटल देणार की स्वतः घ्यायची.

पहिल्या काही आठवड्यांत स्क्रब व्हायची घाई करू नका. अनस्टराइल बाजूनं भरपूर केसेस करा, कारण कव्हर कसं ओढलं म्हणजे स्क्रबला त्रास होत नाही हे तिथूनच दिसतं. मुदत संपलेली कव्हरं स्टोअरमध्ये निघतात. सिस्टरना आधी सांगून ठेवा, त्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरांत ‘सराव’ लिहा, ओटीबाहेर ठेवा आणि दुपारी लिस्ट संपल्यावर एका जोडीदाराला घेऊन जुन्या वायरवर चढवत बसा. आधी सावकाश, मग बोलता बोलता, मग दिवे मंद करून, कारण दुर्बिणीच्या केसला ओटीत अंधारच असतो.