हिवाळ्यात पियानो लावताना: आधी नळाला हात लावा

मिनियापोलिसमधला माझा पहिला जानेवारी. बाहेर उणे वीस, घरात हीटर चालू. निम्मा पियानो लावून झाला होता. फेल्टची पट्टी आणायला उठले, नायलॉनच्या गालिच्यावरून मोज्यांनी चालत परत आले आणि ट्यूनिंगच्या यंत्राकडे बोट नेलं. टिक्‌कन ठिणगी उडाली, गोल फिरणारे दिवे थिजले. यंत्र बंद करून चालू केलं, तर त्या पियानोसाठी घेतलेली सगळी मापं पुसलेली.

शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तीच ही वीज. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अदृश्य थर असतो, त्यातून ती निसटून जाते. उणे वीसची हवा घरात आणून एकवीस अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता पाच टक्क्यांच्या आसपास येते. स्वयंपाक-आंघोळींनी वाढते तेवढीच. आपल्याला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. नाजूक चिपला काहीशे व्होल्टही पुरतात. म्हणजे चटका बसला नाही म्हणून यंत्र वाचलं, असं समजू नका.

नवी मंडळी पियानोच्या बिडाच्या चौकटीला हात लावून मोकळी होतात. मीही तेच करायचे. पण चौकट लाकडात बसवलेली, जमिनीशी तिचा संबंध नाही. ती थोडा विद्युतभार वाटून घेते, बाकीचा आपल्या अंगावरच राहतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला धातूचा नळ किंवा रेडिएटरचा रंग न दिलेला भाग बरा. मुठीत किल्ली धरून तिनेच शिवा, ठिणगी बोटाला झोंबत नाही. मग अवजारं हाताशी मांडून बसा आणि शक्यतो उठू नका. मोजे सुती घाला. (लोकरीच्या मोज्यांचा मोह मला दोन हिवाळे सुटला नाही.)

आणखी एक घोळ. कोरड्या हवेत साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, आकसतो, त्याचा फुगवटा उतरतो आणि सूर खाली येतात, मधल्या सप्तकांत जास्त. नेमकं ठिणगीनंतर यंत्र सगळंच उतरलेलं दाखवू लागलं, तर बिघडलं कोण, यंत्र की पियानो? यासाठी ४४० हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क पिशवीत ठेवा. त्या दिवशी मी तो गुडघ्यावर आपटून यंत्रापुढे धरला. सूर जुळला की दिवे फिरत नाहीत, आणि ते स्थिर राहिले. यंत्र ठीक होतं. पियानोच बारा सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ आठवा हिस्सा, उतरला होता. मापं पुन्हा घेतली आणि पहिल्या तारेपासून सुरुवात केली.