छोट्या पार्लरला झेपेल अशी आरोग्य-नियमांची घडी: टूल्स, द्रावण, टब आणि नोंदवही

एका खुर्चीच्या पार्लरला आणि वीस खुर्च्यांच्या सलूनला आरोग्याचे नियम बहुधा सारखेच लागतात. मोठ्या सलूनमध्ये टूल्स धुवायला एक माणूस असतो, नोंदी ठेवायला दुसरा. छोट्या जागेत आयब्रो करणारे, केस झाडणारे, टॉवेल धुणारे आणि तपासनीसाला कागद दाखवणारे हात एकच असतात. ओझं खरं आहे, पण त्यातला बराच भाग कष्ट चुकीच्या जागी गेल्यामुळे वाढतो. जे फेकायचं ते धुतलं जातं, जे बुडवून ठेवायचं ते स्पिरिटने नुसतं पुसलं जातं, आणि जे यंत्र त्या कामाचं नाहीच त्यावर पैसे जातात. म्हणून आधी काम कमी करू, मग उरलेलं पक्कं करू.

नियम कागदावर मागून घ्या

ऐकीव नियमांवर पार्लर चालवू नका. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून नियमांची प्रत आणि तपासणीला वापरतात तो छापील फॉर्म, दोन्ही मागा. फॉर्म जास्त महत्त्वाचा, कारण तपासनीस त्यातल्याच रकान्यांवर खुणा करतो. तो हातात घेऊन स्वतःच्या जागेत एक फेरी मारा आणि तुम्ही देत नसलेल्या सेवांचे रकाने खोडा. टॅटू, मायक्रोब्लेडिंग, कान टोचणं यांसारख्या त्वचा भेदणाऱ्या सेवांचे नियम सर्वांत कडक असतात. महिन्यातून एखाद-दुसऱ्या क्लायंटसाठी अशी सेवा ठेवली, तर तिच्यापायी सगळ्या पार्लरवर जास्तीचं ओझं येतं. ती सेवा बंद करणं हा पुष्कळदा सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो.

टूल्सचे तीन ढीग

ड्रॉवर रिकामे करा आणि प्रत्येक वस्तू तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग फेकायचा. ज्यात पाणी मुरतं, ज्याला बारीक छिद्रं आहेत, ते खऱ्या अर्थाने निर्जंतुक करता येत नाही. कागदी नेल फाइल, बफर, ऑरेंज स्टिक, लाकडी स्पॅट्युला, टो-सेपरेटर, कापूस, वॅक्सच्या पट्ट्या, वस्तऱ्याचं ब्लेड, थ्रेडिंगचा दोरा हे सगळं एका क्लायंटपुरतं. प्युमिस दगडही इथेच, किंवा त्याऐवजी बदलता येणाऱ्या पट्टीची धातूची घासणी ठेवा. फाइल-बफर त्याच क्लायंटला घरी देऊन टाकलं की प्रश्नच मिटतो.

दुसरा ढीग धुऊन जंतुनाशक द्रावणात बुडवायचा: कंगवे, ब्रश, कात्र्या, चिमटे, क्यूटिकल पुशर, प्लास्टिकच्या वाट्या.

तिसरा ढीग त्वचा फोडू शकणाऱ्या टूल्सचा: क्यूटिकल निपर, ब्लॅकहेड काढायची टोकदार सळई. यांना वाफेचं निर्जंतुकीकरण सर्वांत चांगलं, आणि काही ठिकाणी नियम तेच सांगतो. नियम बुडवण्यावर थांबत असेल तर किमान ते पूर्ण व्हायला हवं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, उघड्या पृष्ठभागावर, किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. निपरच्या सांध्यात डोळ्याला न दिसणारा ठिपकाही पुरतो.

यंत्राआधी सेट वाढवा

छोट्या पार्लरमध्ये नियम मोडतात ते बहुतेक घाईमुळे. पुढची क्लायंट बसली आहे, सेट एकच आहे, म्हणून दहा मिनिटांचं बुडवणं दोन मिनिटांवर येतं. हिशेब सोपा आहे: दोन धुण्यांच्या मधे जास्तीत जास्त जितक्या क्लायंट येतात, त्यात एक मिळवा, तितके सेट हवेत. दिवसाला ८ मॅनिक्युअर आणि धुणं दुपारी व रात्री असं दोनदा, तर ४ अधिक १, म्हणजे ५ सेट. दुपारचा अर्धा तास वहीत अपॉइंटमेंटसारखाच राखून ठेवा. तो वेळ रेटमध्ये धरलेला नसेल, तर पहिल्या गर्दीच्या दिवशी तोच कापला जातो.

वापरलेल्या टूल्ससाठी झाकणाचा, «वापरलेलं» असं लिहिलेला डबा ठेवा आणि त्यात साबणाचं थोडं पाणी घाला. क्रीम किंवा रक्त एकदा वाळलं की घासायला दुप्पट वेळ लागतो.

अल्ट्राव्हायोलेट पेटीबद्दल स्पष्ट सांगायला हवं: ती निर्जंतुकीकरणाचं यंत्र नाही. किरण पडतात तेवढ्याच पृष्ठभागावर परिणाम होतो. कात्रीच्या सांध्यात, ब्रशच्या मुळाशी, खालच्या बाजूला काहीच पोहोचत नाही. स्वच्छ केलेलं सामान ठेवायला ती चालेल, त्यापलीकडे नाही. गरम मण्यांच्या छोट्या भांड्याचंही तसंच. टोक तापतं, मूठ आणि सांधा थंडच राहतो.

धुणं आणि बुडवणं

१. हातमोजे घाला. टूल कोमट पाण्यात, साबण लावून, ब्रशने घासा. निपर आणि कात्री उघडून सांधा घासा. मळ राहिला तर द्रावण आधी त्या मळावरच खर्ची पडतं आणि धातूपर्यंत पोहोचतच नाही.

२. साबण पूर्ण निघेपर्यंत वाहत्या पाण्यात धुवा. पार्लरमधली बरीच तयार द्रावणं चतुष्क अमोनियम प्रकारची असतात आणि साबणाचा अंश त्यांना निकामी करतो. ही चूक फार होते, कारण डोळ्यांना काहीच दिसत नाही.

३. पाणी झटकून पुसा. ओली टूल्स एकामागून एक टाकली की द्रावण दुपारपर्यंत पातळ होतं.

४. टूल मुठीसकट पूर्ण बुडवा. उभ्या बरणीत अर्धे बाहेर राहिलेले कंगवे तपासणीत हमखास सापडतात. वेळ लेबलवर असेल तितकी, बहुधा १० मिनिटं. टायमर लावा. रात्रभर बुडवून ठेवू नका, धार जाते आणि गंज चढतो.

५. चिमट्याने काढा, धुवा, पूर्ण कोरडं करा आणि स्वच्छ, झाकलेल्या, «तयार» असं लिहिलेल्या डब्यात ठेवा. ओलं टूल बंद डब्यात गेलं तर आतच बुरशी धरते.

द्रावण मोजूनच बनवा. «दोन झाकणं» हे माप नव्हे, झाकणं वेगवेगळी असतात. एक मापपात्र आणि खूण केलेली १ लिटरची बाटली पुरते. ब्लीच वापरत असाल तर सूत्र असं: हवी ती टक्केवारी भागिले बाटलीवरची टक्केवारी, गुणिले १०००. जितका आकडा येईल तितके मिलिलिटर ब्लीच, आणि पाणी घालून एकूण १ लिटर. ५ टक्क्यांच्या बाटलीतून ०.१ टक्का द्रावण हवं तर २० मिलिलिटर. बाटली ४ टक्क्यांची असेल तर २५. रोजच्या पृष्ठभागांना ०.१ टक्का चालतं. रक्त सांडलं असेल तर आधी टिपून घ्या आणि मग ०.५ टक्का, म्हणजे ५ टक्क्यांच्या बाटलीतून १०० मिलिलिटर, १० मिनिटं ओलं राहू द्या. हे द्रावण रोज नवीन करा, कारण प्रकाशात आणि हवेत त्याची ताकद उतरते. गार पाणी घ्या. ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. ब्लीच धातूला खातं, त्यामुळे टूल्ससाठी तयार द्रावण आणि फरशी-टबसाठी ब्लीच अशी विभागणी सोयीची.

अल्कोहोल ७० टक्के असलेलं घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त प्रभावी वाटतं, पण ते पटकन उडून जातं आणि जंतूंमधली प्रथिनं मोडायला लागणारं पाणीच त्यात नसतं. फिरवून लगेच पुसणंही उपयोगाचं नाही. पृष्ठभाग ओला राहिला तेवढाच वेळ काम होतं.

ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) घेण्याआधी

वाफ १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ ते २० मिनिटं, १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटं लागते. ही मिनिटं तापमान गाठल्यानंतरची, यंत्र सुरू केल्यापासूनची नव्हेत. घेताना यंत्राचा वर्ग विचारा. एन वर्गाचं स्वस्त यंत्र उघड्या, भरीव टूल्ससाठी असतं. पाकिटात बंद करून टूल्स साठवायची असतील तर आतली हवा पंपाने ओढणारं बी वर्गाचं यंत्र लागतं. एन वर्गात पाकिटं टाकणं ही महागात पडणारी चूक आहे, कारण आतली हवा निघत नाही आणि पाकीट बाहेरून मात्र ठीक दिसतं. निपर बंद न करता उघडा ठेवा, पाकिटं एकमेकांवर रचू नका, डिस्टिल्ड पाणीच घाला. पाकिटावरची रंग बदलणारी पट्टी फक्त उष्णता लागल्याचं सांगते. जंतू मेले की नाही ते बीजाणू चाचणीनेच (चिवट बीजाणू यंत्रात घालून ते मरतात का हे पाहणं) कळतं, आणि तिचा निकाल फाइलला लावायचा असतो.

पेडिक्युअरचा टब

पाण्याचे झोत सोडणारा टब ही पार्लरमधली सर्वांत धोक्याची वस्तू आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनच्या शंभरावर क्लायंटच्या पायांना महिनोन्‌महिने न भरणारी गळवं झाली. जंतू होता मायकोबॅक्टेरियम फॉर्चुइटम. पाणी आत ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि त्वचेचा थर साचला होता, त्यात तो वाढला. टबचा पृष्ठभाग चकचकीत असला तरी जाळी काढून पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

दर क्लायंटनंतर पाणी सोडा, टब साबणाने घासा, धुवा, पुन्हा भरून द्रावण घाला आणि झोत चालू ठेवून १० मिनिटं फिरवा. रोज रात्री जाळी काढून मागचं सगळं ब्रशने साफ करा. हे झेपत नसेल तर झोतांचा टब काढून साधं, गुळगुळीत स्टीलचं घमेलं ठेवा. काम निम्म्यावर येतं आणि तपासायला जाळीच उरत नाही. आदल्या दिवशी पायांचं शेव्हिंग किंवा वॅक्सिंग केलेल्या क्लायंटला टबमध्ये बसवू नका, बारीक चिरांतून जंतू आत जातात. बुकिंग घेतानाच हे विचारा. मधुमेह असलेल्यांच्या टाचेला ब्लेड लावू नका.

वॅक्स आणि थ्रेडिंग

स्पॅट्युला एकदा बुडवायचा, एकदा लावायचा, टाकायचा. «वॅक्स गरम असतं, जंतू मरतात» हा समज चुकीचा आहे. अंगाला सोसवेल इतक्या उष्णतेत ते मरतीलच याची खात्री देता येत नाही. स्पॅट्युला फार लागतात अशी अडचण असेल तर त्या क्लायंटपुरतं वॅक्स छोट्या कागदी कपात काढून घ्या, उरलेलं टाकून द्या, डब्यात परत ओतू नका. रोल-ऑनचं डोकं त्वचेवरून फिरून पुन्हा वॅक्समध्ये येतं, तेव्हा दर क्लायंटला नवीन कार्ट्रिज हवं. चेहऱ्याला रेटिनॉइड क्रीम (मुरुमं-सुरकुत्यांवरचं) लावणाऱ्यांची त्वचा वॅक्सबरोबर सोलून निघते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या थांबवून ६ महिने झाले नसतील तर वॅक्स करूच नका.

दोरा दातांत धरणं पुष्कळ तपासणी फॉर्मवर सरळ दोष म्हणून नोंदलं जातं. गळ्यात अडकवून थ्रेडिंग करायची सवय आठवड्या-दोन आठवड्यांत हाताला बसते, आणि मानही कमी दुखते.

टॉवेल, हातमोजे, हवा

टॉवेल ६० अंशांना धुवा आणि पूर्ण वाळवा. दमट घडी म्हणजे बुरशी. ते परवडत नसेल तर मानेला आणि हेडरेस्टला कागदी पट्टी लावा, धुण्याचा ढीग उतरतो. हातमोजे नायट्राइलचे घ्या, लॅटेक्सची ॲलर्जी अनेकांना असते. मात्र ॲसिटोनपुढे नायट्राइलही फार टिकत नाही, रिमूव्हरचं काम झालं की लगेच बदला. ब्लेड आणि सुया टोचणार नाहीत अशा जाड डब्यात टाका आणि तीन-चतुर्थांश भरला की बंद करा. रक्त थांबवायची तुरटी सगळ्यांना एकच लावू नका, पूड ठेवा आणि नव्या कापसाने लावा. सतत हे काम करणाऱ्यांनी हिपॅटायटिस बीची लस घेतलेलीच बरी.

केस सरळ करायच्या काही ट्रीटमेंटमधून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड निघतं, ते कर्करोगकारक आहे. डोळे चुरचुरत असतील तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. हेअर कलरआधी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आत पॅच टेस्ट करा. मागच्या वेळी काही झालं नव्हतं, हे कारण पुरत नाही. पीपीडी या हेअर कलरमधल्या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उमटते.

वही

एकच वही, चार रकाने: तारीख-वेळ, काय केलं, कोणतं द्रावण किती मिलिलिटर, सही. द्रावणाच्या बरणीवर चिकटपट्टी लावून बनवल्याची तारीख लिहा. वहीला पेन दोऱ्याने बांधा आणि ती सिंकजवळ टांगा. काउंटरवर ठेवलेली वही रात्री आठवून भरली जाते, आणि एकाच शाईत एकाच झटक्यात भरलेलं पान तपासनीस लगेच ओळखतो. मागच्या कव्हरला पॅच टेस्टचे निकाल, मालाची बिलं आणि रसायनांची सुरक्षा-पत्रकं यांचं पाकीट चिकटवा.

तपासणीच्या वेळी

क्लायंट खुर्चीत असेल तर हातातलं काम सुरक्षित जागी थांबवा, तिला सांगा आणि मग वही दाखवा. विचारलं तेवढंच उत्तर द्या. दोष काढला तर वाद घालू नका, पण तीन गोष्टी लेखी मागा: नियमाचा क्रमांक, नेमकं काय बदलायचं आणि मुदत किती. «स्वच्छता अपुरी» एवढ्या शेऱ्यावर पुढच्या वेळी दुसरा तपासनीस दुसरंच काही मागू शकतो. «बरणीत कंगवे पूर्ण बुडालेले नाहीत» असं लिहून मिळालं, तर उंच बरणी आणून काम संपतं. दुरुस्ती झाली की तारखेसह फोटो काढा, बिल वहीला लावा आणि मुदत संपायची वाट न पाहता फेरतपासणीचा अर्ज द्या.

नियम एका माणसाच्या जागेला खरोखरच न झेपणारा असेल, उदाहरणार्थ दोन वेगळी सिंक, तर पर्यायी व्यवस्था लिहून परवानगी मागा. टूल्स धुवायला वेगळा, नाव लिहिलेला टब आणि हात धुवायला सिंक, अशी मांडणी कागदावर छोट्या नकाशासह द्या. तोंडी «चालेल» म्हणाले तरी शिक्का मारलेली प्रत मिळेपर्यंत ते चालतं असं धरू नका.