घरगुती स्पीकर: आधी ड्रायव्हर, मग पेटी

सोलापुरात घरी स्पीकर बनवायचा असेल, तर सुताराकडे जाण्यापूर्वी ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज निर्माण करणारा भाग, निवडावा आणि त्याच्या माहितीपत्रकातील 'क्यूटीएस' हा, पडद्याचे कंपन किती आवरले जाते हे सांगणारा, आकडा पाहावा. तो सुमारे ०.४ पेक्षा कमी असल्यास पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) असलेली पेटी, तर ०.४ ते ०.७ असल्यास बंद पेटी सहसा जुळते.

पेटी घनाकार मात्र कधीही करू नये, कारण तिन्ही आतील मापे समान असली, की एकाच कंपनसंख्येच्या स्थिर लहरी (समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणाऱ्या लहरी) एकत्र येऊन बळावतात. ३४ सेंटिमीटर अंतरात हा घुमारा सुमारे ५०० हर्ट्झवर, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाच्या पट्ट्यातच उमटतो, आणि भजनाचा स्वर असा गढूळ होणे मला असह्य वाटते. मापे वेगवेगळी ठेवून आतून येथील जाड टेरी टॉवेलचे थर लावावेत. पोर्टचे तोंड मोकळे ठेवावे.