हळदीच्या यादीत कॉलमच दिसेनात

सांगलीतल्या एका हळद अडत्यांसाठी एमएफसीमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिहायची मायक्रोसॉफ्टची सी++ लायब्ररी) छोटा प्रोग्राम करत होतो. लिस्ट कंट्रोलला, म्हणजे यादी दाखवणाऱ्या चौकटीला, इन्सर्टकॉलमने पोती, वजन, दर असे कॉलम जोडले. एरर नाही, पण शीर्षकं गायब! अर्धा दिवस कोड उसवला. शेवटी डायलॉग एडिटरमध्ये पाहिलं, तर व्ह्यू, म्हणजे यादी दाखवायची पद्धत, 'आयकॉन'च राहिलेला. 'रिपोर्ट' (तक्त्यासारखा) केला, कॉलम आले.

मग शेठ म्हणाले, "पोत्यांचे आकडे उजवीकडं घ्या की ओ." पण 0 क्रमांकाचा, म्हणजे पहिलाच कॉलम कितीही सांगा, डावीकडेच चिकटतो, विंडोजचा हट्टच तसा. म्हणून 0 वर एक बिनकामाचा कॉलम घातला, खरे तिन्ही 1 पासून जोडले आणि तो पहिला डिलीटकॉलमने उडवला. ओळी त्यानंतरच भरल्या, आणि पोत्यांचे आकडे उजवीकडं आले. आता शेठना अक्षर मोठं हवंय.